जनार्दनाच्या पिस्तुलावरचा हिरवा ठिपका

जनार्दन गेल्याची वार्ता त्याच्या मुलीने, सुनीताने, फोनवर दिली तेव्हा मी देवघरात होतो. “काका, बाबा गेले... झोपेतच,” एवढेच ती बोलू शकली. हातातले ताम्हन मी खाली ठेवले. त्याला आता काही आठवडे लोटले. शेलार गावच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसत होतो. पुढे मी पाठशाळेत गेलो, तो सैन्यात. माझे आयुष्य मंत्रांचे उच्चार शुद्ध राखण्यात गेले, त्याचे नेम साधण्यात. “तुमचा जप नि माझा नेम, दोनींला श्वासच आवरायला लागतो, गुरुजी,” असे तो हसून म्हणे. बालमित्र असूनही त्याने मला कधी एकेरी हाक मारली नाही.

निवृत्तीनंतर तो वळ गावच्या गोदामांपलीकडे असलेल्या एका नेमबाजी क्लबात जाऊ लागला आणि सुनीतालाही त्याने तेथेच घडविले. क्लबच्या वार्षिक स्पर्धेत एकदा तरी लेकीच्या शेजारी उभे राहून पिस्तूल चालवावे, ही त्याची एकमेव इच्छा उरली होती. परंतु वय आड येत होते. पिस्तुलाच्या नळीच्या टोकाशी जो लहान उंचवटा असतो त्याला नेमबाज माशी म्हणतात. मागच्या खाचेतून ती माशी पाहून नेम धरावयाचा असतो. साठी उलटल्यावर ती काळी माशी काळ्या लक्ष्यात विरघळू लागली. तेव्हा सुनीताने फायबरची नवी माशी आणली. तिच्यात बसविलेली हिरवी काडी आपल्या अंगावर पडलेला प्रकाश गोळा करून टोकाशी ठिपक्यासारखी उजळते.

“हे काय, पिस्तुलाला टिकली लावलीस?” जनार्दनाने विचारले.

“बघा तरी एकदा, बाबा. सेल न्हाय, बटन न्हाय. उजेड असला की पेटतंय.”

त्याने महिनाभर, क्लबच्या पत्र्याच्या छपराखाली, या नव्या माशीची परीक्षा घेतली आणि मग एका सायंकाळी माझ्यापुढे निवाडा केला. “लोखंडी चकत्या झटपट पाडायच्या तर याच्यासारखं दुसरं काय न्हाय, गुरुजी. डोला आपसूक ठिपक्यावर जातो. पन कागदावर बारीक नेम धरायला गेलं की ठिपकाच मधल्या वर्तुलाला झाकतो. तिथं जुन्या माशीची धारच बरी. दिवेलागनीला तर हा मेलाच. आनि काडी पडली प्लास्टिकची, आपटली की तुटली.”

“मग काढून टाकू?” सुनीता रुसून म्हणाली.

“र्‍हाऊ दे गं. म्हातार्‍याला दिसतंय हेच लय हाय.”

त्या वर्षीही खंडेनवमीला मी नेहमीप्रमाणे शस्त्रपूजेसाठी त्याच्या घरी गेलो. रिकामे पिस्तूल लाल वस्त्रावर ठेवून जनार्दन स्वतः त्याला गंध लावी, त्यावर कुंकू वाही. तेही माशीवरच. “माशी म्हनजे हत्याराचं कपाल,” असे तो सैन्यातल्या दिवसांपासून मानत आला होता. दसरा उलटला की फडक्याचा एक हात फिरवून तो ते पुसून टाकी. सपाट पोलादाला तेवढे पुरत असे.

स्पर्धा त्यानंतर लगेचच होती. शेजारच्या जागेवर सुनीता उभी होती. जनार्दनाने पिस्तूल उचलले, खाली घेतले, पुन्हा उचलले... याच छपराखाली महिनाभर लखलखणारा ठिपका आज दिसत नव्हता. दोष डोळ्यांचाच, असे त्याने तेथल्या तेथे ठरविले. एकही गोळी न झाडता त्याने पिस्तूल मेजावर ठेवले आणि म्हणाला, “माझे डोले गेले, पोरी. तू मार.” त्या दिवशी सुनीताचाही नेम लागला नाही.

घरी येऊन त्याने पिस्तूल पेटीत ठेवले, कुलूप लावले आणि किल्ली स्वतःपाशी ठेवली. वैद्याकडे चल म्हटले तर हात जोडी. वर्तमानपत्र तो बायकोकडून, आमच्या वहिनींकडून, वाचून घेऊ लागला आणि हळूहळू एकट्याने बाहेर पडणेही त्याने सोडले. ही त्याची निवृत्ती आहे असे समजून आम्ही सर्वांनी तिचा मान राखला.

जनार्दन गेल्यावर त्याचे परवान्याचे पिस्तूल आता पोलीस ठाण्यात जमा करावयाचे होते. त्यापूर्वी ते स्वच्छ करावे म्हणून सुनीता खिडकीशी बसली, मीही जवळ होतो. माशी न्याहाळता न्याहाळता तिचा हात थबकला. काडीच्या दोन्ही बाजूंच्या चिरांत गंधकुंकू भरून दगडासारखे घट्ट झाले होते आणि वरही त्याचा पातळ थर चढला होता. जेथून प्रकाश आत शिरावयाचा, ती वाटच बुजली होती. तिने सुईच्या टोकाने, ओल्या कापडाने, अतिशय हळू ते सारे काढले. दुपारच्या उजेडात ठिपका तत्काळ उजळला.

वहिनी दारात उभ्या होत्या. सुनीताने त्यांना सर्व सांगितले. त्या खिडकीशी येऊन त्या हिरव्या कणावर वाकल्या.

“म्हंजे... त्यांना दिसत व्हतं?”

सुनीताने पिस्तूल पुन्हा पेटीत ठेवले. पडवीत जनार्दनाची खुर्ची अजून आहे. ती तो नेहमी भिंतीकडे तोंड करून ठेवीत असे. रस्त्याकडे पाहून तरी मला काय दिसणार, असे म्हणे. त्या सायंकाळी वहिनी बाहेर गेल्या आणि त्यांनी ती रस्त्याकडे वळविली.