कवितेखालचे नाव

श्री. मारोतराव ठवकर यांना प्रत्यक्ष पाहण्याआधी सुमारे दोन वर्षे मी त्यांना ओळखत होते. रामदासपेठेतल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी काम करते. सकाळची पाळी संपवून बसथांब्यावर उभी असताना मी ‘चार ओळी’ या व्हॉट्सॲप गटावर माझी पहिली कविता टाकली. रोज ओळीने बसलेल्या माणसांच्या हातातून रक्त काढणारी बाई कविता लिहिते, हे तोवर माझ्या घरीही कोणाला ठाऊक नव्हते. गटात जोडलेले हात आले, उभे अंगठे आले, दोघा-तिघांनी ‘खूप छान ताई’ असे लिहिले. आणि मग ठवकर या नावाने एक मजकूर आला: ‘सुई टोचताना म्हातारी भिंतीकडे पायते, हे तुम्ही सोता पायलेलं हाये. बाकीचं आयकलेलं वाटते.’

मला राग आला. दोन दिवस मी गट उघडलाच नाही. तिसऱ्या दिवशी कविता पुन्हा वाचली, तेव्हा लक्षात आले की बाकीचे खरोखरच ऐकलेले होते. ठवकरांची, म्हणजे गटातल्या सगळ्यांच्या काकाजींची, आणि माझी ओळख ही अशी झाली.

काकाजी यंदा पंचाहत्तरी पूर्ण करीत आहेत. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे. लकडगंजातल्या एका आरामशीनवर, म्हणजे जिथे ओंडक्यांच्या फळ्या कापतात तिथे, त्यांनी चाळीस वर्षे लाकूड मोजण्याचे काम केले. निवृत्त झाल्यावर जावयांनी दिलेल्या फोनवर त्यांनी हा गट सुरू केला. आज गटात एस.टी.चे वाहक आहेत, शिक्षक आहेत, गृहिणी आहेत, भिवापूरकडचे मिरची पिकवणारे दोन भाऊ आहेत. आमच्यापैकी बहुतेकांचे पुस्तक निघालेले नाही आणि निघणारही नाही. माझ्या आजोबांनी याच शहरात धम्मदीक्षा घेतली. घरात पुस्तके होती, गाणी होती, भाषणांची पाठांतरे होती. पण घरातल्या बाईने स्वतःविषयी चार ओळी लिहाव्यात, असे कोणी सुचवले नव्हते. ते काकाजींनी सुचवले.

गटात कोणाचीही कविता आली, की त्याच दिवशी काकाजींचे उत्तर जाणार, हा त्यांचा नेम आहे. त्या उत्तरात ‘छान’ हा शब्द नसतो. एकदा मी कारण विचारले, तर म्हणाले, “छान म्हटलं का माणूस तिथंच थांबते. काय आवडलं थे सांगाव लागते. मंग तो पुढं जाते.”

ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मी समजते, तो आता सांगते. तो वगळावा असे काकाजींनी स्वतः मला सुचवले. “तुह्या पोरी वाचतीन वं,” ते म्हणाले. माझ्या मुली मोठ्या आहेत. त्यांनी वाचावे, अशीच माझी इच्छा आहे.

आईच्या निधनानंतर मी एक कविता लिहिली. बारा ओळी झाल्या आणि पुढे सरकेना. त्या सुमारास माझ्या फोनवर एक कविता फिरत आली होती. खाली नाव नव्हते. तिच्या शेवटच्या ओळी अशा होत्या:

पातेल्यावर सासूचं नाव,
परातीवर नणंदेचं,
दारावर सासऱ्यांचं.
माझं नाव फक्त रेशन कार्डावर,
तेही चुकलेलं.

या पाच ओळी मी माझ्या बारा ओळींखाली जोडल्या, त्याखाली माझे नाव लिहिले आणि कविता गटावर टाकली. माझ्या आईचे नाव रेशन कार्डावर खरोखरच चुकले होते. तेवढ्यावर मी मनाची समजूत घातली. त्या दिवशी आले तेवढे कौतुक मला त्यापूर्वी कधी मिळाले नव्हते आणि नंतरही मिळाले नाही. उमरेडच्या एका शिक्षिकेने आपण वाचताना रडलो असे कळवले. काकाजींचे उत्तर मात्र आले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन आला. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

“सुजाता, जेवली का वं?”

“जेवतेच आहे, काकाजी.”

“तुही कविता वाचली. पयल्या बारा ओळी लय चांगल्या हायेत. तुही माय दवाखान्यात चप्पल उशाशी ठेवून झोपे, हे तर मी इसरूच शकत नाही. शेवटच्या पाच कोनाच्या हायेत?”

“माझ्याच आहेत,” मी म्हटले.

मग ते म्हणाले, “त्या पाच ओळी दोन वर्सांआधी माह्याकडे आल्या होत्या. मी वहीत लिहून ठेवल्या. खाली नावासाठी जागा सोडली हाये, का कधी समजलं तर लिहू. म्हून इचारलं.”

हातातला डबा मी तसाच बंद केला.

“मी गटात काही बोलनार नाही,” ते म्हणाले. “तू नाही बोलली तरी कोनाले सांगनार नाही. पन एक गोष्ट आयक. उद्या कोनाले हे समजलं, तर पयल्या बारा ओळी तुह्या होत्या, हे तरी कोन मानन? मायवर लिहिलेली कविता तू आपल्या हातानं खोटी करून राहिली.”

त्यांनी दुसरा एकही शब्द वापरला नाही. चोरी म्हणाले नाहीत, शरम वाटायला हवी असेही म्हणाले नाहीत. चार दिवस मी कोणाच्याही हातावर सुई टोचताना दोनदा श्वास घेत होते. पाचव्या दिवशी गटावर सगळे खरे लिहिले.

त्यानंतर जे व्हायचे ते झाले. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मला गटातून काढावे असे लिहिले, आणि त्यांचे चुकले असे मला आजही वाटत नाही. रडलेल्या शिक्षिकेने ‘मला फसवल्यासारखे वाटते’ एवढेच लिहिले. ते वाक्य मला सर्वांत लागले. मी स्वतःच गट सोडायच्या बेतात होते. तेवढ्यात काकाजींचा मजकूर आला: ‘जो चूक करून गप बसला, त्याले आपन काढू. हिनं सांगितलं. आता सगळे मिळून त्या कवितेची मालकीन शोधा. सुजातानं सगळ्यांत जास्त शोधावी.’

शोध सात-आठ महिने चालला. माझ्याकडे कविता पाठवणाऱ्या मावसबहिणीपासून मी सुरुवात केली. तिला ती तिच्या शेजारणीकडून आली होती, शेजारणीला भंडाऱ्याच्या भाच्याकडून, भाच्याला कोणाकडून हे आठवत नव्हते. दोरा तुटायचा. मग काकाजी दुसऱ्या टोकाने, त्यांना कविता पाठवणाऱ्याकडून, विचारत यायचे. अनोळखी माणसाला फोन करून ते आधी आपले पूर्ण नाव सांगत, लकडगंजात काय काम केले ते सांगत, आणि मग विचारत, “एका बाईची कविता हाये, तिचं नाव हरवलं हाये. जरा मदत करा.” कोणी हसले, कोणी फोन ठेवून दिला. शेवटी उमरेडच्या पुढच्या एका गावातल्या अंगणवाडी सेविकेने सांगितले की ही कविता त्यांच्या गावात महिलांच्या एका कार्यक्रमात वाचली गेली होती, आणि ती वाचणारी कुंदा तिथल्याच शाळेत मुलांची खिचडी शिजवते.

एका रविवारी काकाजी आणि मी एस.टी.ने तिथे गेलो. प्रत्यक्ष भेट अशी आमची ती पहिलीच. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी, पिशवीत ती वही. गुडघे दुखत असल्यामुळे बसच्या पायरीवर ते दोन्ही हातांनी जोर लावून चढले, मी हात पुढे केला तर म्हणाले, “राहू दे, तुले रोजच लोकायचे हात धराव लागतात.”

कुंदाताई दारात आल्या त्या घाबरूनच. “माह्या हातून काही चुकलं का?” हा त्यांचा पहिला प्रश्न होता. चूक माझी आहे, हे मी त्यांना अंगणातच सांगितले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि आत बोलावले. चहा ठेवताना हळू आवाजात त्यांनी हकिकत सांगितली. कार्यक्रमात कोणीतरी कवितेचा फोटो काढला, तो गावभर फिरला आणि घरी आला. सासूबाई महिनाभर बोलल्या नाहीत. घरातली भांडी वेशीवर टांगली, असे दीर म्हणाले. कुंदाताईंनी कवितांची वही चुलीत घातली. त्यानंतर एक ओळही लिहिली नाही.

काकाजींनी पिशवीतून आपली वही काढली, ते पान उघडले आणि रिकाम्या जागेवर बोट ठेवले. “बाई, इथं तुमचं नाव लिहू का?”

कुंदाताईंनी आतल्या खोलीकडे पाहिले. “नोका लिहू. आत्ता नोको.”

“बरं,” काकाजी म्हणाले आणि वही बंद केली.

परतताना माझा धीर सुटला. “काकाजी, आठ महिने शोधलं, इतक्या लांब आलो, आणि तुम्ही एकदाही आग्रह केला नाही?”

“नाव तिचं हाये,” ते म्हणाले. “कधी लिहाचं थे तिनं ठरवाचं. तुले आपलं मन हलकं कराचं हाये, त्यासाठी तिनं घरात भांडन कराचं का?”

बस बरीच पुढे गेल्यावर ते आपण होऊन बोलू लागले. आरामशीनवर रशीदभाई नावाचे एक करवतदार होते. जेवणाच्या सुट्टीत ते कधी कधी स्वतःचे शेर म्हणत. एकदा सगळ्यांसमोर तरुण मारोतरावांनी त्यांच्या शेराची नक्कल केली. सगळे हसले, रशीदभाईही हसले. “त्यानंतर आठरा वर्सं आमी एकाच छपराखाली काम केलं,” काकाजी खिडकीबाहेर पाहत म्हणाले. “त्यानं एक शेर म्हटला नाही. माफी मागू, माफी मागू म्हनता म्हनता तो गेला. मले त्याचा एकही शेर पाठ नाही वं. नक्कल तेवढी पाठ हाये.”

ज्यांना प्रश्न पडतो की एक माणूस रोज इतक्या अनोळखी लोकांच्या कच्च्या कवितांना इतक्या मनापासून उत्तर का देतो, त्यांच्यासाठी ही आठवण काकाजींच्या परवानगीने येथे नोंदवली आहे.

कुंदाताईंनी माझा नंबर ठेवून घेतला होता. दोन महिन्यांनी त्यांचा आवाजी संदेश आला: खिचडीच्या पातेल्याविषयी सहा ओळी, मागे मुलांचा गलका. मी ‘छान’ म्हटले नाही. काय आवडले ते सांगितले. मग दर आठवड्याला त्यांची एक कविता येऊ लागली, आणि माझी त्यांच्याकडे जाऊ लागली. माझ्या धाकटीच्या लग्नात त्या दोन दिवस आधी येऊन राहिल्या. ज्या बाईच्या ओळी मी घेतल्या होत्या, तीच माझी सर्वांत जवळची मैत्रीण झाली, हे मला अजूनही नीट समजावून सांगता येत नाही.

एके दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. सासूबाईंना त्यांनी ती जुनी कविता स्वतः वाचून दाखवली होती. म्हातारीने ऐकून घेतले आणि म्हणाली, “पातेल्यावर माह्यं नाव हाये, खरं हाये. पन थे माह्या बापानं घातलं. मले तरी कोनं इचारलं होतं?” आणि मग म्हणाली, “टाक तुह्यं नाव.”

त्या संध्याकाळी ‘चार ओळी’वर ती कविता आली. खाली कुंदाताईंचे पूर्ण नाव आणि गावाचे नाव होते. सर्वांत पहिले अभिनंदन त्या निवृत्त मुख्याध्यापकांचे होते. काकाजींनी वहीच्या त्या पानाचा फोटो टाकला. जागा भरलेली होती. अक्षर जरा वाकडे होते, कारण तोवर त्यांची दृष्टी मंदावू लागली होती.

आता त्यांना फोनवरचे अक्षर दिसत नाही. गेल्या वर्षी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेआधी रक्त तपासायला ते माझ्याकडेच आले. डॉक्टरांनी फारशी आशा दिली नव्हती. बाहेर येताना ते मला म्हणाले, “गट आता तू पाय.” मी नाही म्हटले. आम्ही सगळ्यांनी ठरवले की कविता लिहून टाकायची आणि सोबत आपल्या आवाजात म्हणूनही पाठवायची. ज्यांना आपला आवाज ऐकवायची लाज वाटते त्यांच्या कविता काकाजींच्या पत्नी शांताकाकू काकाजींना वाचून दाखवतात. काकाजी उत्तर सांगतात, काकू ते बोलून पाठवतात आणि कधीकधी आपले मतही जोडतात: “यायले आवडली. मले नाही आवडली.” काकूंच्या पसंतीची धास्ती आता गटात काकाजींपेक्षा जास्त आहे.

गेल्याच महिन्यात मिहान या उद्योगवसाहतीतल्या एका कंपनीत पहारेकरी असलेल्या गृहस्थांनी गटावर पहिली कविता टाकली. पन्नाशीचे गृहस्थ, फाटकावरच्या खुर्चीत बसून लिहिलेली. कोणाचे उत्तर येण्याआधीच त्यांनी ती पुसून टाकली. नंतर त्यांनीच आम्हाला सांगितले की दहा मिनिटांत त्यांचा फोन वाजला आणि एक म्हातारा आवाज म्हणाला, “काहून पुसली गा? शांता वाचून राहिली होती, मी आयकून राहिलो होतो. अर्धीच झाली. पुढची सांग.” फाटकावर उभे राहून, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या आवाजात, त्यांनी पुढची कविता म्हटली.

काकाजी, आपणास उत्तम आरोग्य लाभो, काकूंची साथ लाभो आणि शंभरी ओलांडणारे आयुष्य लाभो. या शहरात आणि आसपासच्या गावांत अजून पुष्कळ माणसे आपल्या ओळी लिहून पुसत बसली आहेत. त्यांचे फोन वाजायचे आहेत.