मी कापलेला सीन हौसानं बघितला होता

भूत, चकवा, अंगात येणं — यातलं काही मी मानत न्हाई. कधीच मानलं न्हाई. लोणावळ्याच्या एका थेटरात मी तीस वर्षं ऑपरेटर होतो. पडद्यावर हसणारी-रडणारी माणसं म्हंजे नुसता उजेड, आणि त्या उजेडामागं मी घामाघूम उभा... हे ज्याला ठाऊक, तो कशाला असल्या गोष्टींच्या नादी लागेल? शाळा माझी चौथीपर्यंत. सजवून सांगता येणार न्हाई. पण सांगितल्याबिगर राहवत बी न्हाई.

थेटर कधीच बंद पडलं. आता मी मळवलीला राहतो, गावातल्या एका बंगल्याची देखरेख करतो. बायको हौसा, मागच्या पावसाळ्यात गेली.

आमच्या थेटरात तेव्हा रविवारी सकाळी एक शो इंग्लिश पिक्चरचा असायचा. एकदा घोड्यांचा पिक्चर आला. एक बंदूकवाला, आणि एक शेरीफ — म्हंजे तिकडचा फौजदार. लहानपणचे जिगरी दोस्त. फौजदारानं त्याला पकडायचं असतं, पण शेवटी गावाबाहेर कुंपणापाशी त्याला सोडून देतो. बंदूकवाला घोडा हाकतो आणि जातो. मागं वळून बघत न्हाई. संपला पिक्चर.

रीळ लय जुनं होतं. शनिवारी तपासायला घेतलं, तर शेवटच्या रिळात दहा-बारा हात पट्टीची कडेची भोकं पार फाटलेली. अशी पट्टी मशीनमध्ये अडकली की जळते, आणि पब्लिक खुर्च्या मोडतं. आमच्या धंद्यात त्याला एकच औषध — कात्री. तेवढा तुकडा काढला, दोन टोकं चिकटवली, तुकडा कचऱ्यात. त्यात काय होतं ते बघितलं बी न्हाई. पडद्यावर दहा-बारा सेकंदाचा मामला, कुणाला कळतंय?

रविवारी हौसा शो बघायला आली. इंग्लिश तिला ओ की ठो कळत नव्हतं. शो सुटल्यावर सायकलवर डबलसीट घेऊन घरी निघालो.

“आवो, किती ग्वाड केलं त्यानं,” ती मागून म्हणाली.

“कुणी?”

“त्या बंदूकवाल्यानं. माघारी वळला, घोड्यावरनं वाकला, आन फौजदाराच्या छातीवरचा बिल्ला वाकडा झालता त्यो सरळ केला. डाव्या हातानं. उजव्याला गोळी लागल्याली न्हवं का!”

“डुलकी लागलीती व्हय तुला? असं काय न्हवतंच त्यात.”

“म्या डोळ्यानं बघितलं.”

“मशीन मी चालवतो का तू?”

झालं! ते भांडण पुढं चाळीस वर्षं पुरलं. कापलेला तुकडा माझ्या ध्यानात बी राहिला नव्हता. असले तुकडे मी रोज कापायचो. भातलावणीला बायका जमल्या की हौसा तो सीन सांगायची, आणि बांधावरनं मी ओरडायचो, “आगं, चोर कधी फौजदाराचा बिल्ला सरळ करतो का?” बायका खिदळायच्या. ती मातुर हसायची न्हाई.

शेवटच्या आजारात शेजारची गंगूमावशी चार बायका घेऊन तिला भेटायला आली. हौसानं परत तेच काढलं. माझं तोंड पहिल्यापासून फाटकं. सगळ्यांदेखत बोललो, “मरताना तरी खोटं बोलू नगंस.”

तिनं भिंतीकडं तोंड केलं. आठव्या दिवशी गेली. मधल्या दिवसांत पाणी द्या, कूस बदला, एवढंच बोलली.

आता ऐका. ह्या उन्हाळ्यात, रविवारी दुपारी, बंगल्याच्या मालकाची लेक नेहाताई पुण्याहून आली होती. टाकी भरली हे सांगायला मी आत गेलो, तर टीव्हीवर तोच पिक्चर! तेच घोडं, तोच फौजदार. मी दारातच खिळलो.

“आबा, बसा ना. इंग्लिश कळतं का तुम्हाला?”

“त्यात कळायचं काय? घोडं पळतं, गोळी सुटते. ह्यो पिक्चर मी स्वतः चालवलाय ताई! आता शेवटाला बघा, त्यो सरळ जातो. वळत न्हाई.”

कुंपण आलं. फौजदार उभा. बंदूकवाल्यानं घोडा हाकला... आणि थांबवला. वळला! माघारी आला, घोड्यावरनं वाकला, आणि डाव्या हातानं — डाव्या! — फौजदाराचा वाकडा बिल्ला सरळ केला.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत न्हाई. नेहाताई घाबरून उठली. “आबा, काय झालं? छातीत दुखतंय का?”

“मागं घ्या! मागं घ्या ते!”

तिनं रिवाइंड केलं. तीनदा बघितलं. तिसऱ्यांदा मी टीव्हीच्या काचेवर बोट ठेवून बघत होतो. तवा डोक्यात टूब पेटली — फाटकी भोकं, कात्री, दहा-बारा हात पट्टी!

म्हंजे जे मी शनिवारी कापून कचऱ्यात टाकलं, ते हौसानं रविवारी पडद्यावर बघितलं. कसं?

नेहाताईला सगळं सांगितलं. ती शिकलेली, म्हणाली, “आजींनी नंतर टीव्हीवर पाहिला असेल.” आहो, मला तिनं त्याच दिवशी सायकलवर सांगितलं! दुसऱ्या थेटरात म्हणाल, तर माझ्याबिगर ती कुठल्या थेटराची पायरी चढली न्हाई. मशीनच्या खोलीत तिला कधी येऊ दिलं न्हाई. बरं, अंदाजानं बोलली म्हणावं, तर बिल्ला? डावा हात?

मी चप्पल न घालता तसाच पळालो. वय विसरलो. गंगूमावशी अंगणात शेवया वाळत घालत होती. दम लागलेला, तरी सगळं सांगितलं. “मावशी, हौसा खरं बोलत होती! त्या चौघींना बी बोलवा, मला त्यांच्यासमोर सांगायचंय.”

मावशीनं हातातलं काम सोडलं न्हाई. “आमाला कवाच ठावं व्हतं. तुमचंच तेवढं ऱ्हायलं व्हतं.”

“आवो, पण तुमी पिक्चर कुटं बघितला?”

“पिक्चर कशाला बघाया पायजे? हौसाला बघितलं व्हतं की.”

तरी चौघींना मी गोळा केलंच, आणि सगळ्यांदेखत बोललो — खोटी ती नव्हती, मी होतो. एक रडली. दुसरी म्हणाली, “लवकर सुचलं म्हणायचं.” बोलू दे. माझ्या वाट्याचंच होतं ते.

नेहाताईनं तो पिक्चर मला मोबाईलवर घालून दिलाय. रोज बघतो. उत्तर काय मिळत न्हाई. कुणाला सापडलं तर जरूर कळवा, पण मला येडा म्हणायच्या आधी वरचं परत एकदा वाचा.

आता दुसरंच डोक्यात बसलंय. तीस वर्षांत मी किती पिक्चरांना कात्री लावली, त्याची गणती न्हाई. आणि त्यातले किती तरी हौसानं बायकांच्या बाकावर बसून बघितले. घरी येताना ती सायकलवर मागं बसून काहीबाही सांगत असायची... आणि मी घंटी वाजवत पुढं बघत असायचो.