नान्नजमार्गे केनिया

सहलीचे किस्से परत आल्यावर सांगायचे असतात, फोटो दाखवत दाखवत, असं मला वाटायचं. आमच्या केनियाच्या सफारीचं उलटंच झालं. अजून बॅगा भरून झालेल्या नाहीत आणि किस्से मात्र इतके साठलेत की आत्ताच सांगून मोकळं व्हावं म्हटलं.

आम्ही पाच जण रोज सकाळी तलावाकाठी फिरायला जातो. मी आणि माझे मिस्टर शरद, दोघंही शाळेतून निवृत्त. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना असलेले व्यंकटेशभाऊजी आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीवहिनी. आणि बिरातात्या. तात्या माळशिरसकडचे, घरची मेंढरं, पण त्यांचा सगळा जन्म एसटी चालवण्यात गेला.

मध्ये वहिनींना कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाल्या. बऱ्याच महिन्यांनी त्या फिरायला परत आल्या, त्या सकाळी भाऊजी इतके खुशीत होते की बाकावर बसल्या बसल्या म्हणाले, "सांग लक्ष्मी, कुठं जायचं? तू म्हणशील तिथं."

आम्हाला वाटलं, तिरुपती म्हणतील. वहिनी म्हणाल्या, "आफ्रिका."

भाऊजींनी जरा आठवून बघितलं. मग म्हणाले, "हे नवीन हॉटेल कुठं निघालंय?"

*

पुण्याच्या टूरवाल्या मॅडमनी आम्हाला व्हिडिओ कॉलवर सगळं समजावून सांगितलं. कुठलं जंगल आधी, कुठलं नंतर, उघड्या टपाची गाडी कशी असते, सिंह गाडीच्या किती जवळून जातात. शेवटी त्यांनी विचारलं, कुणाला काही शंका? तात्यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"गाडी पंक्चर झाली तर खाली कोन उतरनार?"

 मॅडम चौकशी करून सांगते म्हणाल्या.

त्यानंतर तात्या गप्प गप्प राहायला लागले. फिरायला यायचे, पण बोलणं नाही. आम्हाला वाटलं, यांचं जायचं मन दिसत नाही. चार-पाच दिवसांनी मॅडमचा फोन आला. तिथला ड्रायव्हर आधी दुसऱ्या गाड्यांना बोलावून घेतो, त्या आजूबाजूला उभ्या राहतात आणि मग तोच चाक बदलतो. प्रवाशांनी जागेवरून हलायचंसुद्धा नाही.

तात्यांनी मोठा श्वास सोडला. "म्हंजे मला उतराय लागत न्हाय."

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो. एवढे दिवस हा माणूस धरून चालला होता की आपल्यात ड्रायव्हर एकच, तेव्हा सिंहांच्या मधोमध जॅक लावायची पाळी आपलीच. आणि तरी त्यांनी नाव काढून घेतलं नव्हतं.

*

खरी काळजी होती ती वहिनींना जीपचे गचके सोसतील का याची. म्हणून ठरलं की आधी जवळच्याच नान्नजच्या अभयारण्यात, माळावर रंगीत तालीम करायची. माळढोक पक्षी दिसला तर दिसला, नाहीतर काळवीट तरी दिसतील.

टूरवाल्यांनी सांगितलं होतं की निळे-काळे कपडे नकोत, तिकडच्या चावऱ्या माश्या त्या रंगांवर येतात. भाऊजींनी हे फारच मनावर घेतलं. कारखान्याच्या शिंप्याकडून एकाच ताग्यातून पाचही जणांचे खाकी शर्ट शिवून घेतले. ते घालून, गळ्यात दुर्बिणी अडकवून आम्ही जीपमधून उतरलो, तर तिथला वनखात्याचा गार्ड धावतच आला आणि त्याने कडक सलाम ठोकला.

"साहेब, आज व्हिजिट आहे हे आम्हाला कळलंच नाही."

खरं काय ते मी सांगणार होते. पण शरद जन्मभर हेडमास्तर. त्यांच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "असू दे. चालू द्या तुमचं."

मग काय, त्या बिचाऱ्याने आम्हाला पाणवठा दाखवला, गवत दाखवलं, अडचणी सांगितल्या. शरद गंभीरपणे मान हलवत होते. शेवटी तात्यांनाच राहवलं नाही. "बाबा, आमी फिराय आलोय. ह्ये रिटायर मास्तर हायेत." गार्ड आधी ओशाळला, मग हसायलाच लागला. पुढे मात्र त्याने अगदी आपल्या पाहुण्यांसारखं आम्हाला हिंडवलं. माळढोक नाही दिसला. काळविटांचा कळप मात्र इतक्या जवळून उड्या मारत गेला की वहिनींनी माझा हात घट्ट धरला.

दुपारी परत आलो. वहिनी जीपमधून उतरल्या. भाऊजी समोर उभे. "कंबर दुखतीय का? चक्कर येतीय का? बसतीस का जरा?"

वहिनी म्हणाल्या, "भूक लागलीय."

केमो सुरू झाल्यापासून हा शब्द त्यांच्या तोंडी आला नव्हता. ताटासमोर बसवावं लागायचं त्यांना.  डबा काढतो म्हणून भाऊजी जीपमागे गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. डबा माझ्याच पिशवीत होता.

*

शरदना शेंगाचटणी लागते. केनिया असो नाहीतर चंद्र. पण केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. म्हणून मी कापडाच्या पिशव्या शिवल्या, चटणी भरून चाचणी म्हणून बॅगेत ठेवल्या. सकाळी बघते तर तेल सुटून पाझरलेलं, आणि खाकी शर्टांना लसणाचा असा वास की दोनदा धुऊनही जाईना.

शरद घाबरले. त्यांनी सरळ मॅडमना फोन लावला आणि विचारलं की शर्टाला लसणाचा वास असला तर वाघ-सिंह जवळ येतात का.

मॅडम म्हणाल्या, "काका, एकतर तिकडे वाघ नसतात. आणि सिंहांचं माहीत नाही, पण गाडीतले लोक उतरून जातील."

चटणी आता स्टीलच्या डब्यात आहे. शर्ट गच्चीवर वाळत आहेत.

*

केनियाला जायचं तर पीतज्वराची लस घ्यावी लागते, आणि त्यासाठी आम्हाला पुणं गाठावं लागलं. तात्यांनी सुट्टीत गावी जाऊन घरच्या मेंढरांना कितीदा इंजेक्शनं दिलेली, पण स्वतः एकही घेतलेलं आठवत नव्हतं. ते भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून बसले. सिस्टर म्हणाल्या, "झालं, काका."

तात्यांनी एक डोळा उघडला. "कवा?"

मग सिस्टरना म्हणाले, "मेंढरं उगंच वरडत्यात म्हनायची."

आम्ही हसत बाहेर आलो. बाकावर वहिनी आमच्या पिशव्या सांभाळत बसल्या होत्या. त्यांना लस मिळाली नव्हती. ही लस जिवंत जंतूंची असते. केमो होऊन गेलेल्या अंगात ती लगेच देत नाहीत. कॅन्सरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून हो म्हटलं तरच. आणि लस नाही तर आफ्रिका नाही. 

*

गेल्या आठवड्यात त्या डॉक्टरांकडे जायचं होतं. भाऊजी दवाखान्याच्या दारापर्यंत आले आणि म्हणाले, "माझ्याच्यानं आत येववत नाही." म्हणून वहिनींबरोबर मी आत गेले.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या सावकाश बघितल्या. मग चष्मा काढला. "सगळं चांगलं आहे. लस घ्यायला हरकत नाही."

वहिनींनी नुसतीच मान हलवली. 

डॉक्टर हसत म्हणाले, "पण आफ्रिकाच का? सिंह बघायचाय?"

"सिंह नाही," वहिनी म्हणाल्या. आणि मग त्यांनी जे सांगितलं, ते आम्हालाही कधी सांगितलेलं नव्हतं.

पहिल्यांदा रिपोर्ट ऐकायला त्या आल्या होत्या, त्या दिवशी बाहेरच्या हॉलमधल्या टीव्हीवर आफ्रिकेतल्या जंगलाचा कार्यक्रम लागला होता. रानगाईंसारख्या जनावरांचा मोठा कळप नदी ओलांडत होता. सगळी पलीकडं गेली, एक वासरू तेवढं मागं राहिलं. मध्यावर आलं, आणि पाण्यात त्याच्या मागे मगर दिसली. तेवढ्यात वहिनींच्या नावाचा पुकारा झाला. आत आल्या, तर याच डॉक्टरांनी त्यांना कॅन्सर असल्याचं सांगितलं. बाहेर गेल्या तेव्हा टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या.

"त्या वासराचं काय झालं ते राहूनच गेलं," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांनी चष्मा पुसून परत घातला. मग म्हणाले, "पोचलं की ते. पलीकडं गेलं. मी बघितलं."

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही तर तेव्हा इथं माझ्यासमोर बसला होता, डॉक्टर."

डॉक्टरांनी पेन उघडलं, लशीच्या कागदावर सही केली आणि कागद वहिनींच्या पुढे सरकवला.

"मग जाऊन बघून या," ते म्हणाले.