चमचाभर जेल

शेतीच्या मासिकात तीस वर्षं बातमीदारी केली की किस्से साचतात, फुकट मिळालेल्या सॅम्पलच्या पाकिटांसारखे. लंडनमधल्या हॅरोच्या घरात माझा एक अख्खा ड्रॉवर त्या पाकिटांनी भरलाय. माझी बायको सुनंदा होती तेव्हा टूरवरून आल्या आल्या तिला सगळं सांगून मोकळा व्हायचो. आता नुसतेच साचतात. त्यातले हे जेलचे.

जेल म्हणजे साखरेसारखे दाणे. मातीत मिसळायचे, ते पाणी पिऊन फुगतात आणि रोपाला पाणी, खत हळूहळू पुरवतात. असं कंपन्या म्हणतात!

*

ग्लासगोच्या एका लॅबमध्ये मधुरा नावाच्या पुण्याच्या संशोधक मुलीने भांडंभर पाण्यात चमचाभर दाणे टाकले. थोड्या वेळाने भांडं उपडं केलं, तर थेंब पडेना! घरी येऊन मी तेच केलं. दाणे जेमतेम फुगले. फसवणूक! लगेच मधुराला फोन लावला.

"काका, तुमच्या किटलीत पांढरा थर बसतो ना?"

"बसतो. मग?"

"लंडनचं पाणी हार्ड, क्षार जास्त. त्यात जेल कमी फुगतं. आमचं सॉफ्ट."

"मग हे पाकिटावर का छापत नाहीत?"

"कंपनीला विचारा. भांडायला तुम्हाला आवडतंच!"

*

विचारलं. शिवाय हेही विचारलं, की काम झाल्यावर जेल मातीत जातं कुठे?

"ग्रेट क्वेश्चन, सर!" म्हणत सेल्समनने मला एक पेन दिलं.

तीस वर्षांत 'ग्रेट क्वेश्चन'नंतर उत्तर कधी मिळालं नाही. पेनं मात्र पुष्कळ!

*

स्कॉटलंडचा एक शेतकरी घोटाभर पाण्यात उभा राहून म्हणाला, "पाणी धरून ठेवतं? पळवून लावणारं काही असेल तर सांग!"

*

माझा मित्र केळकर, शेजारच्या पिनरचा रिटायर्ड बालरोगतज्ज्ञ. सुनंदा गेल्यावर, मी टूरवर असलो की तिच्या कुंडीतल्या कढीपत्त्याला पाणी घालायला यायचा. पुढे मी घरी असतानाही दर गुरुवारी यायला लागला. एकदा त्याने माझ्या ड्रॉवरमधलं अख्खं पाकीट कुंडीत ओतलं. सकाळी बघतो तर माती फुगून बाहेर आणि कढीपत्ता आडवा!

"डोस कुणी ठरवला?" मी ओरडलो.

"वजनावर दिला रे, सवयीने!"

दोघांनी मिळून रोप नव्या कुंडीत लावलं. जेल या वेळी चमचाभरच.

*

आणि ते चाललं की हो! माती आठवडाभर ओली. केळकर म्हणाला, "चला, माझी ड्यूटी संपली." पुढचे दोन गुरुवार तो आला नाही. बातमीदाराने कंपनीला कशाबद्दल जाब विचारायचा, माल चांगला निघाला म्हणून?

तिसऱ्या गुरुवारी मी फोन केला. "येतोस का? माती पार कोरडी पडलीय."

आयुष्यात खोटी ओळ छापली नव्हती मी!

तो आला. झारी घेतली, कुंडीत बोट खुपसलं. बोटावर जेलचा ओला, चमकणारा गोळा आला. त्याने तो नीट पाहिला. मग माझ्याकडे.

"फारच कोरडी आहे रे," असं म्हणून त्याने कोट काढून खुंटीला अडकवला.