आजीच्या मापाचा ओटा

लग्नाच्या फोटोत आजी किंचित डावीकडे कललेली दिसते. लाजून वगैरे नाही. फोटोवाल्याने तिच्या पायाखाली दोन विटा ठेवल्या होत्या आणि त्यातली एक डुगडुगत होती. आजोबा सहा फूट एक इंच आणि ही चार फूट आठ इंच. विटा नसत्या तर फोटोत आजोबा आणि त्यांच्या कोटाची दोन बटणं एवढंच आलं असतं.

आजी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. बिनखिडकीच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, समोरच्या बोर्डात वायरी खुपसायच्या आणि लोकांना एकमेकांशी जोडून द्यायचं. एकतीस वर्षं तिने हे काम केलं. तिची पाळी दुपारी एक ते रात्री नऊ, आणि आजोबा टपाल कचेरीतून दोनलाच सुटायचे, त्यामुळे स्वयंपाक आजोबांकडे गेला. ते त्यांनी इतकं मनावर घेतलं की नव्या घराचा ओटा त्यांनी स्वतःच्या मापाने बांधून घेतला, चांगला सव्वातीन फूट उंच. शेजारी हसले. आजोबा म्हणाले, "मी वाकून कुणापुढे उभा राहत नाही, तर भाताच्या पातेल्यापुढे कशाला राहू?"

पुढे आजोबा गेले. ओटा राहिला. आजीने एक लाकडी खोकं ओट्यापुढे ओढलं, चांगलं वीतभर उंच, आणि त्यावर उभी राहून ती रांधू लागली. बारा वर्षं हे असंच चाललं. मग एके सकाळी दूध उतू जायला लागलं, ती मागे सरकली, मागे खोकं संपलेलं होतं. डाव्या मनगटाला प्लास्टर.

प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात पोरं जमली. लेक नर्स, तिनेच सगळ्यांना फोन करून हुकूम सोडले होते. थोरला मुलगा शाळेत चित्रकला शिकवायचा, तो येतानाच गुंडाळी केलेला नकाशा घेऊन आला. त्यात ओटा होता, नळ होता, शिवाय खिडकीत एक मांजर होतं, जे घरात नव्हतं. त्याची मुलगी, म्हणजे आजीची नात, वायरमनचं काम करायची. सगळे तिला ठिणगी म्हणत, आणि हे नाव तिच्या कामावरून पडलं की स्वभावावरून, यावर घरात दोन पक्ष होते. आणि चौथा माणूस म्हणजे लेकीचा नवरा, जावई. जावई बँकेत होता. हातोडी त्याने आजवर फक्त लोकांच्या हातात पाहिली होती, पण मोबाइलवर फरशा बसवण्याचे व्हिडिओ पाहून पाहून त्याला वाटायला लागलं होतं की आपल्याला येतं.

"आई, तू चार दिवस माझ्याकडे राहायला चल," लेक म्हणाली.

"का?"

"इथे धूळ होणार."

"माझ्या घराची धूळ आहे. मी बघणार."

शेवटी तडजोड झाली. आजी बाहेरच्या खोलीत बसेल, स्वयंपाकघराच्या दाराला चादर टांगायची, आणि काम संपेपर्यंत तिने आत डोकावायचं नाही. "सरप्राइज आहे," थोरला म्हणाला. आजीने मान डोलावली, पण त्या सरप्राइजबद्दल आपल्याला कुणी काही विचारलेलं नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं. तरीही एवढी चार माणसं आपल्यासाठी धावपळ करतायत, तेव्हा मध्येच खोडा कशाला घालायचा, असं तिला वाटलं.

तोडफोड सुरू व्हायच्या आधी जावई टेप घेऊन आला. आजी शेवटचा चहा उकळत ओट्यापुढे उभी होती.

"आई, जरा कोपर वाकवा. हां, असंच."

त्याने गुडघे टेकून जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावली, आकडा दोनदा तपासला, त्यातून चार बोटं वजा केली आणि तळहातावर पेनाने लिहिलं. "मोजमाप म्हणजे मोजमाप," तो गवंड्याला म्हणाला. गवंडी साठीचा, मितभाषी माणूस होता. त्याने तळहात पाहिला, मग जावयाकडे पाहिलं. "इतकं?" "इतकंच." गवंड्याने खांदे उडवले आणि घण उचलला.

तीन दिवस घर नुसतं दणाणत होतं. ठिणगी माळ्यावर चढून जुन्या वायरी ओढायची आणि खाली बघून ओरडायची, "काका, मेन स्विचला हात लावू नका!" जावई दर वेळी म्हणायचा, "मी कुठे लावतोय?" आणि दर वेळी त्याचा हात तिथून जेमतेम वीतभर लांब असायचा. थोरल्याने सिमेंट कालवताना त्यात इतकं पाणी ओतलं की गवंड्याने त्याला नकाशात आणखी मांजरं काढायला पाठवलं. लेक सगळ्यांच्या नाकाला मास्क बांधत हिंडत होती, एकदा तिने चुकून गवंड्याच्या पाण्याच्या बाटलीलाही बांधला. आणि आजी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून चादरीपलीकडचे आवाज ऐकत होती. कुठला आवाज कुणाचा, कोण कुणावर चिडलंय, कोण गुपचूप बिस्किटं खातंय, सगळं तिला कळत होतं. एकतीस वर्षांची सवय होती ती.

"जावईबापू," ती मध्येच हाक मारायची, "ते बिस्किटाचं पाकीट ठिणगीला पण द्या."

आत हास्याचा स्फोट व्हायचा.

चौथ्या दिवशी सकाळी चादर निघाली. थोरल्याने आजीचे डोळे झाकून तिला आत आणलं. नवी पांढरी फरशी, चकचकीत नळ, हात पोचेल इतक्या खाली बटणं. आणि भिंतीला लागून काळ्या दगडाचा नवाकोरा ओटा.

"उघड डोळे!"

आजीने डोळे उघडले. पुढे गेली. ओट्यासमोर उभी राहिली. ओटा तिच्या छातीला लागला.

पोरं सगळी बापासारखी ताडमाड, ठिणगीसुद्धा. जावईही पावणेसहा फूट. तीन दिवस त्यांच्यापैकी कुणालाच त्या ओट्यात काही वावगं दिसलं नव्हतं, उलट पाठ दुखत नाही म्हणून त्यांनी त्याचं कौतुकच केलं होतं.

"असं कसं?" जावई टेप काढत म्हणाला. "मी स्वतः मोजलं होतं. कोपरापर्यंत!"

लेकीने हळूच विचारलं, "अहो, तेव्हा आई कशावर उभी होती?"

आजी तेव्हा खोक्यावर उभी होती. तिच्या घोळदार गाऊनच्या घेरात खोकं पुरतं झाकून गेलं होतं. जावयाने आजी आणि खोकं मिळून माप घेतलं होतं. गवंड्याने कोपऱ्यातला जुन्या ओट्याचा अख्खा निघालेला पाय आणून नव्या ओट्याला लावून पाहिला. सव्वातीन फूट. तंतोतंत. तीन दिवस घाम गाळून, घर डोक्यावर घेऊन, त्यांनी जिथे होता तिथे आणि जसा होता तसाच ओटा बांधला होता.

जावई भिंतीला टेकून मटकन खाली बसला. थोरला नकाशाकडे बघत राहिला. आणि तेवढ्यात आजीच्या खांद्यांना झटके बसायला लागले. लेक घाबरून धावली, "आई, रडू नकोस गं—"

आजी हसत होती. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग आवाज फुटला.

"हे आले!" ती ओट्यावर थाप मारत म्हणाली. "अगं बाई, हे आले परत! बारा वर्षांनी! आणि आल्या आल्या पहिलं काय, तर आपला ओटा बांधून घेतला!"

मग काही विचारू नका. थोरला हसत हसत सिमेंटच्या पोत्यावर बसला, पोतं फुटलं. ठिणगी शिडीवरून कशीबशी खाली उतरली. लेक हसतही होती आणि रडतही होती. जावई आधी कसनुसा हसला, मग इतका हसला की त्याला उचकी लागली. तीन दिवसांत ज्याचे दात कुणी पाहिले नव्हते तो गवंडीही तोंड फिरवून खांदे गदगद हलवायला लागला.

हसू ओसरल्यावर थोरला डोळे पुसत म्हणाला, "आता हा परत फोडायला लागणार."

"फोडा," आजी म्हणाली. "फोडतोच आहोत तर त्याच्या मागची भिंतपण काढा."

"कुठली भिंत?"

"हीच. स्वयंपाकघर आणि बाहेरच्या खोलीच्या मधली."

"का पण, आई?"

आजीने ओट्यावर दोन्ही हात ठेवले. एरवी ती अशी मुद्देसूद बोलायची नाही, पण आज ती हसून मोकळी झाली होती. "हे बघा. एकतीस वर्षं मी भिंतीकडे तोंड करून लोकांचे नुसते आवाज ऐकले. एक तोंड कधी दिसलं नाही. घरी आले तर इथेही भिंत. तुम्ही सगळे आलात की बाहेर बसून हसता, आणि मी इथे चहा ढवळत ऐकत राहते. हे तीन दिवसही तेच केलं, चादरीमागे बसून. मला आता तुमची तोंडं बघायची आहेत. चहा करता करता."

लेक खाली बघायला लागली. "आम्ही विचारलंच नाही तुला."

"मी तरी कुठे सांगितलं? जाऊ दे. भिंत निघते का ते बघा आधी."

गवंड्याने भिंत ठोकून पाहिली, माळ्यावर चढून वरची तुळई पाहिली, आणि एवढ्यावर न भागवता ओळखीच्या इंजिनियर बाईंना बोलावलं. बाईंनी सगळं तपासलं. नुसती आडभिंत होती. वरचा कुठलाच भार तिच्यावर नव्हता. ठिणगीने तिच्यातून जाणारी वायर शोधून बाजूला घेतली, आणि ओटा पुन्हा एकदा जमीनदोस्त झाला.

मग आजीने हात पुढे केला. "पहिला घाव माझा."

"आई, मनगट!" लेक ओरडली.

"डावं मोडलं होतं. उजव्याला काय धाड भरलीय?"

गवंड्याने सर्वांत लहान हातोडा निवडून तिच्या हातात दिला, तिच्या डोळ्यांवर चष्मा चढवला, आणि छिन्नी स्वतः धरली. पहिल्या घावाला टवका उडाला. दुसऱ्याला चुन्याचा भुगा. पाचव्याला एक वीट हलली, आणि सातव्याला ती पलीकडे धपकन पडली. भिंतीत चौकोनी भोक पडलं. त्या भोकातून पलीकडच्या खोलीत लांब उभा असलेला जावई दिसला, हातात चहाचा ट्रे आणि चेहऱ्यावर तीन दिवसांची धूळ.

आजीने भोकाला तोंड लावलं आणि तिचा तो जुना, गोड, सरकारी आवाज काढला. "हॅलो, नंबर सांगा."

जावई क्षणभर बावरला. मग ट्रे खाली ठेवून भोकापाशी आला. "हॅलो, माझ्या सासूबाईंना जोडून द्याल का? माफी मागायची होती."

"त्या हसण्यात बिझी आहेत. थोड्या वेळाने करा."

मग रांगच लागली. ठिणगीने कांदाभजीचं दुकान मागितलं, थोरल्याने शाळेचे मुख्याध्यापक मागितले आणि त्यांना भोकातून खरमरीत चार गोष्टी सुनावल्या, ज्या त्याला गेली नऊ वर्षं सुनावायच्या होत्या. लेकीने नुसतंच, "हॅलो, आई," म्हटलं आणि पुढे तिला काही सुचेना. आजी म्हणाली, "बोल गं. लाइन चालू आहे."

दुपारपर्यंत भिंत गेली. दोन खोल्यांची एक झाली आणि बाहेरच्या खिडकीतला उजेड थेट नळापर्यंत पोचला. नवं माप गवंड्याने स्वतः घेतलं. आजीला अनवाणी उभं केलं, गाऊन घोट्याच्या वर धरायला लावला आणि खाली वाकून बोटाने फरशी चाचपून पाहिली. ओटा अडीच फुटांवर उतरला. बाकी सगळ्यांना त्यावर काम करताना आता कमरेत वाकायला लागायचं, आणि थोरला कांदा चिरायला बसला की खुर्ची घेऊन बसायचा.

शेवटच्या दिवशी रंगकाम. रंग आजीने निवडला, लख्ख पिवळा. थोरल्याने "जरा फिका घेऊ या का?" विचारून पाहिलं, पण आजकाल आजीला विचारल्यावर उत्तर मिळत होतं. पिवळा तर पिवळा. संध्याकाळी पाचला काम संपलं. आजी ओट्यापलीकडे जमिनीवर दोन्ही पाय टेकून उभी होती, भाजी परतत होती आणि एकेकाचं तोंड निरखत होती. "तुझे केस पांढरे झालेत की रे," ती थोरल्याला म्हणाली. "रंग आहे गं," थोरला म्हणाला. "तो पिवळा. हे पांढरे." ठिणगी हसताना तिच्या आजोबांसारखी एक भुवई उचलते, हेही आजीने आज पहिल्यांदा पाहिलं.

जावई तेवढ्यात ताट हातात घेऊन बसल्या बसल्या झोपला. दमला होता बिचारा. झोपेत तो मागे टेकला, तो नेमका ओल्या भिंतीला. कुणीतरी उठवायला निघालं, आजीने बोट ओठांवर ठेवलं. अर्ध्या तासाने तो जागा झाला, उठला, आणि त्याच्या शर्टाची पाठ पिवळीधमक होती. भिंतीवर त्याची पाठ उमटली होती, दोन खांदे, मधली शिवण, अगदी कॉलरच्या टोकांसकट.

"मी लगेच पुसतो! हात मारतो वरून!" तो ब्रश शोधायला धावला.

"खबरदार," आजी म्हणाली. "जावईबापूंची पाठ आहे. राहू दे तिथे."

ती तिथेच आहे. कुणी नवीन माणूस आलं की आधी भिंतीकडे बघतं, मग विचारतं. आजी भाजी ढवळता ढवळता सगळी हकीकत सुरुवातीपासून सांगते, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा कुठे कुठे बदलतो ते बारकाईने बघत राहते.