लॅम्डाच्या जागी म्यू

संप मिटला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. बाबा मात्र गिरणीतल्या मागावरून घरी बसले ते कायमचेच. पुढे बारा-तेरा वर्षांनी आमच्या लालबागच्या खोलीत कंप्युटर आला आणि मी प्रबंध टाइप करून द्यायला लागले. गणिताची समीकरणं पुस्तकात छापल्यासारखी काढून देणारी आसपास मी एकटीच. त्याचा तोराही होता मला, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी कॉलेजातल्या एका सरांचा प्रबंध द्यायचा होता. पाचच्या आत तो विद्यापीठात पोचला नाही तर त्यांची नोंदणी रद्द. त्याआधी फणसवाडीत बाइंडरकडे बांधणी व्हायची होती, म्हणून सर एक वाजता न्यायला येणार होते. आदल्या दिवशी त्यांनी शेवटची दुरुस्ती सांगितली होती: चौथ्या प्रकरणात लॅम्डा असेल तिथे सगळीकडे म्यू घाल. मी एकच बटण दाबून सगळे बदलले आणि सकाळी पानं छापायला लावली.

बाबा पानं खाटेवर लावत होते. मध्येच म्हणाले, "गो, माका काय कळाक नाय, पण वरच्या ओळीत ह्यो शेपटीवालो आसा, आणि खाली फेंगडो. असा कसा?"

"बाबा, हे कापड नाहीये! तुम्हाला काय कळतंय त्यातलं? गप्प बसा ना जरा!"

त्यांनी ते पान बाजूला काढलं. मग आणखी एक. मग तिसरं. माझं डोकंच फिरलं. पान हिसकावून घेऊन पाहिलं. वाक्यांतले लॅम्डा बदलून शेपटीवाले म्यू झाले होते, समीकरणांतले फेंगडे लॅम्डा तसेच! प्रत्येक समीकरण म्हणजे वेगळी बंद डबी; उघडून आतलं अक्षर हातानं बदलावं लागतं. माझं बटण तिथवर पोचलंच नव्हतं. साडेदहा वाजून गेलेले, आणि पानं चाळीसच्या वर. मला रडूच फुटलं.

"रडतस कित्याक?" बाबा म्हणाले. "मी सांगतंय, तू बदल."

ते पानावर बोट ठेवून सांगत, "दुसरी ओळ, फेंगडो. कंसात एक. भागाकाराखाली बारको." मी डबी उघडायची, म्यू घालायचा, बंद करायची. मशीन दोनदा अडकलं. मी टेबलावर हात आपटला, त्यांनी पाणी आणून दिलं. शेवटी म्हटलं, "झालं, छापूया." "थांब," ते म्हणाले. वर्गमुळाच्या आत, घातामध्ये, तिळाएवढा एक लॅम्डा राहिला होता. जन्मात दिसला नसता मला.

एकला पाच कमी असताना शेवटचं पान निघालं. सर दारातच उभं राहून चाळायला लागले. चौथं प्रकरण त्यांनी ओळ न् ओळ पाहिलं. बाबा पिशवी उघडून धरून माझ्यामागे उभे.

"कमाल आहे," सर म्हणाले. "घातातलासुद्धा सुटला नाही! तपासलं कुणी? गणितातलं कुणी होतं का?"

त्यांच्या कॉलेजात आणखी चौघांचे प्रबंध व्हायचे होते. मागावरच्या माणसानं तपासलं म्हटलं तर सर हसतील, कामं जातील. लाज वाटली मला बाबांची.

"मीच," म्हटलं.

सरांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी पानं नीट पिशवीत सरकवली आणि, घरी कधी बोलत नसत अशा शुद्ध भाषेत म्हणाले, "पोरगी हुशार आहे आमची."