चार गोळ्यांचा तुकडा

आमच्या घरात देवांचे फोटो नव्हते, पत्रकांचे गठ्ठे होते. मी वाचायला शिकले तेच अंगाऱ्याविरुद्धच्या पत्रकांवर. वडील, म्हणजे आमचे आप्पा, ती बेंबळीच्या बाजारात वाटायचे आणि कपाळाला अंगारा लावून आलेल्यांना भर रस्त्यात सुनावायचे.

त्याच आप्पांना सायनसचा जुना त्रास. वाकलं की कपाळ ठणकायचं, नाकातून पिवळा शेंबूड यायचा. सोयाबीनच्या मळणीची धूळ उडाली की हमखास. मग ते मेडिकलवर जायचे. डॉक्टर नाही, चिठ्ठी नाही. "मागल्यावानी द्या," एवढंच. दुकानदार कात्रीनं अँटिबायोटिकचं पाकीट कापून चार गोळ्यांचा तुकडा हातावर ठेवायचा. दोन गोळ्यांत आप्पांना बरं वाटायचं. उरलेल्या दोन खिडकीतल्या डब्यात जायच्या, शेजारी कुणाला सर्दी झाली तर द्यायला.

"आप्पा, ह्याच्यात आन् अंगाऱ्यात फरक काय?" मी एकदा विचारलं.

"हे शास्त्र हाय. गप बस."

शास्त्र! त्या अर्धवट घेतलेल्या गोळ्यांतून जे जंतू वाचले, तेच नाकात माजत गेले. गेल्या वर्षी आप्पांचा डावा डोळा सुजून मिटला. सोलापूरला ऑपरेशन करून पू काढला, तपासायला पाठवला. कागद आला. यादीतल्या बहुतेक औषधांपुढं एकच शेरा: उपयोग नाही. दुकानदाराची लाडकी गोळी त्यात सगळ्यात वर.

"पू डोळ्याकडं सरकला होता," डॉक्टरबाई म्हणाल्या. "चालणारं हे एकच इंजेक्शन उरलंय. दहा दिवस पूर्ण घ्या. मध्येच सोडलंत तर डोळा जाईल."

सहाव्या दिवशी सूज उतरली आणि आप्पा पिशवी भरायला लागले.

"लई झालं. बरं वाटतंय मला. चल."

मी त्यांच्या चपला उचलल्या आणि नर्सच्या कपाटात ठेवून आले.

"तू कोण गं मला कोंडणारी?"

"तुमचीच लेक. अंगाऱ्यानंपण लोकांना बरंच वाटतं, आप्पा."

सगळा वॉर्ड ऐकत होता. आप्पा भिंतीकडं तोंड करून पलंगावर बसले. उरलेले चार दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मीही माफी मागितली नाही. इंजेक्शनं पूर्ण झाली, डोळा वाचला.

दुकानातली कात्री मात्र अजून चालूच आहे. मी तिच्याविरुद्ध पत्रक लिहिलंय. आप्पा ते वाटायला तयार नाहीत. म्हणतात, दुकानदार आपला माणूस हाय. येत्या बाजाराला मी एकटी उभी राहणार आहे, त्याच्याच पायरीसमोर.